श्वान प्रशिक्षण वर्गात विक्रीसाठी कोणत्या वस्तू ठेवाव्यात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही बडोद्यात कुत्र्यांचे प्रशिक्षण वर्ग चालवतो आणि वर्गाच्या खोलीतच एका भिंतीला विक्रीच्या वस्तूंची छोटी मांडणी ठेवली आहे. नव्याने असे वर्ग सुरू करणारी मराठी मंडळी या मांडणीबद्दल आम्हाला नेहमी विचारतात. त्यांच्या प्रश्नांना दिलेली उत्तरे येथे एकत्र केली आहेत.

कुत्र्यांच्या पालकांना वस्तू बाजारात मिळतातच. मग वर्गात विक्री करावीच कशाला?

केवळ चार पैसे अधिक मिळावेत एवढ्यासाठी विक्री सुरू करायची असेल, तर न केलेली बरी. आम्ही ती सुरू केली तेव्हा कारण वेगळे होते. पहिल्या दिवशी दहा कुटुंबे येत आणि त्यांतल्या सहा-सात जणांच्या हातात चुकीचे साहित्य असे: कोणाकडे बैलाला शोभेल अशी जड साखळी, कोणाकडे घुंगरांचा सजावटीचा पट्टा, तर कोणाकडे ओढले की लांब होणारी गुंडाळी-दोरी. सैल दोरीने सोबत चालण्याचा धडा अशा साहित्यावर शिकवताच येत नाही, आणि पहिला आठवडा वाया गेला की पालकांचा उत्साहही ओसरतो. योग्य वस्तू तिथल्या तिथे मिळाली, ती कुत्र्याच्या अंगावर नीट बसवून दिली आणि पुढची पंधरा मिनिटे तिच्यावरच सराव झाला, तर धडा घरापर्यंत पोहोचतो.

एखादी वस्तू ठेवावी की नाही, हे ठरवायचे कसे?

आमची कसोटी एकच आहे: ही वस्तू आमच्या कोणत्या धड्यात वापरली जाते? उत्तर देता आले नाही तर ती वस्तू मांडणीवर येत नाही, मग तिच्यावर कितीही नफा सुटत असो. या कसोटीमुळे कपडे, चष्मे, वाढदिवसाच्या टोप्या आणि सुगंधी फवारे आपोआप गळून पडतात. ते विकणे वाईट आहे असे नाही. परंतु प्रशिक्षकाच्या हातून वस्तू घेताना पालक ‘सर सांगतात म्हणजे गरजेचेच असणार’ असे मानून घेतात, आणि त्या विश्वासावर टोपी विकणे आम्हाला पटत नाही.

कसोटीला उतरलेली वस्तूही आम्ही आधी स्वतः वापरतो. नवी दोरी आली की ती किमान एक उन्हाळा किंवा एक पावसाळा आमच्याच कुत्र्यांसाठी वापरली जाते. बडोद्याच्या मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, स्कूटरच्या डिकीत राहिलेले प्लास्टिकचे बक्कल ठिसूळ होते, आणि जुलैत लोखंडी आकड्यावर गंज चढतो. घाऊक व्यापाऱ्याच्या थंडगार दुकानात यातले काहीच दिसत नाही.

सुरुवातीला नेमक्या कोणत्या वस्तू ठेवाव्यात?

साधा रुंद पट्टा, पाच ते सहा फुटांची दोरी, दहा मीटरची लांब दोरी, छातीवर इंग्रजी वाय अक्षरासारखा बसणारा हार्नेस, कमरेला बांधायची खाऊची पिशवी, सरावाचा खाऊ, आत खाऊ भरता येईल असे रबरी खेळणे, आणि ‘जागेवर बस’ शिकवण्यासाठी गुंडाळता येणारी चटई. एवढ्यावर पहिले सहा महिने सहज निभतात. क्लिकर, म्हणजे दाबल्यावर ‘टक’ असा आवाज करणारी सरावाची छोटी डबी, आम्ही विकत नाही. तो प्रवेश घेताना देऊन टाकतो, कारण त्याची किंमत किरकोळ असते आणि तो नसेल तर पहिलाच धडा अडतो.

रंगांच्या मोहात पडू नये. एका दोरीचे सात रंग ठेवले की पैसे सातपट अडकतात आणि शेवटी गुलाबी तेवढी शिल्लक राहते. दोन रंग, पण सर्व मापे, हे धोरण अधिक उपयोगी ठरते.

पट्ट्याच्या मापाबद्दल एवढा आग्रह कशासाठी?

या प्रश्नाचे उत्तर आम्ही एका प्रसंगातून शिकलो. दांडिया बाजारातील एका कुटुंबाने आठ महिन्यांचा मुधोळ आणला होता. मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी जोपासलेली आणि २००५ साली टपाल तिकिटावर झळकलेली ही जात शिकारी आहे. अंग सडपातळ, मान लांब, आणि डोके इतके निमुळते की ते मानेहून रुंद नसतेच म्हटले तरी चालेल. आम्ही त्याला इतरांसारखाच साधा बकलाचा पट्टा दिला, दोन बोटे जातील एवढा सैल ठेवला आणि निश्चिंत झालो. त्याच आठवड्यात संध्याकाळच्या गर्दीत अकोटा-दांडिया बाजार पुलावर मागून एका गाडीचा कर्कश हॉर्न वाजला. कुत्रा दचकून मागे सरला, त्याने कान पाडले, मान खाली घातली आणि एका हिसक्यात तो मोकळा झाला. त्या घरच्या काकूंच्या हातात दोरी तशीच होती, दोरीच्या टोकाला पट्टा होता, बक्कल लावलेले होते, आणि आत मान नव्हती. तो वाहनांमधून वाट काढत थेट घराच्या दारात जाऊन उभा राहिला, हे त्या कुटुंबाचे आणि आमचे भाग्य. पट्टा आम्हीच विकलेला होता.

तेव्हापासून मुधोळ, कारवानी, ग्रेहाउंड यांसारख्या निमुळत्या डोक्याच्या कुत्र्यांना आम्ही मार्टिंगेल पट्टाच देतो. त्याला दोन फासे असतात. दोरी ताणली की छोटा फासा मोठ्याला ओढून घेतो, पण ठरावीक मर्यादेपर्यंतच, त्यामुळे गळा आवळत नाही आणि डोकेही निसटत नाही. तो असा बसवावा की पूर्ण ताणल्यावर तो मानेच्या मापाएवढा होईल, त्याहून लहान नाही. घरात कुत्रा मोकळा असताना तो काढून ठेवण्याची सूचना आम्ही पावतीवरच लिहून देतो.

इतर कुत्र्यांसाठी शिंप्याची मऊ मापपट्टी पुरते. मानेचे माप पट्टा जेथे बसतो तेथे घ्यावे, छातीचे माप पुढच्या पायांच्या मागे सर्वांत रुंद जागी. पिल्लाचे माप दर तीन आठवड्यांनी पुन्हा घ्यावे. लॅब्रेडॉरचे पिल्लू तर बघता बघता दोन मापे ओलांडते, म्हणून पिल्लांसाठी महागडा चामडी पट्टा आम्ही मागितला तरी देत नाही. आपल्या देशी कुत्र्यांची छाती खोल आणि कंबर बारीक असते. त्यांना ‘मध्यम’ मापाचा हार्नेस पुढे घट्ट आणि मागे ढिला होतो, तेव्हा चारही बाजूंनी कमी-जास्त करता येणारा नमुनाच घ्यावा.

हार्नेस घेताना काय पाहावे?

पुढच्या पायांचे खांदे मोकळे हलतात का, हे पाहावे. छातीवरून आडवी पट्टी जाणारे हार्नेस दिसायला मजबूत असतात, पण पाऊल पुढे टाकताना ती पट्टी खांद्याला अडते. काखेत पट्टी घासत असेल तर दहा दिवसांत तेथील केस जातात. ओढणाऱ्या कुत्र्यासाठी छातीवर पुढेही कडी असलेला हार्नेस उपयोगी पडतो. मात्र तो ओढणे कमी करतो, चालणे शिकवत नाही, हे पालकांना आधीच सांगावे.

काटेरी पट्टा, गळा आवळणारी साखळी किंवा विजेचा झटका देणारा पट्टा मागितला तर?

आम्ही ठेवत नाही आणि मागवूनही देत नाही. असे पट्टे त्या क्षणी वागणूक दाबतात, पण कुत्रा वेदनेची सांगड समोर दिसणाऱ्या गोष्टीशी घालतो, मग ती गोष्ट शेजारचे मूल का असेना. भुंकणे थांबले आणि चावणे सुरू झाले, अशा तक्रारी घेऊन येणारी कुटुंबे आम्ही पाहिली आहेत. वेल्सने २०१० साली विजेच्या पट्ट्यांवर बंदी घातली. आपल्याकडे १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात अवाजवी आखूड किंवा जड साखळीने जनावर बांधून ठेवणे हा गुन्हा मानला आहे, हेही साखळी मागणाऱ्यांना सांगावे. नकार देताना त्या माणसाला ओशाळे करू नये. बहुतेक जण त्रासून आलेले असतात. त्यांना एक वेळ जास्तीचा वर्ग द्यावा.

सरावाचा खाऊ कसा निवडावा?

खाऊ ही मांडणीवरची सर्वांत जास्त खपणारी वस्तू आहे, आणि सर्वांत जास्त चुका येथेच होतात. थोडा हिशेब मांडू. दहा किलो वजनाच्या प्रौढ कुत्र्याला दिवसाला साधारण ६०० किलोकॅलरी लागतात. खाऊचा वाटा एकूण आहाराच्या दहा टक्क्यांच्या आत असावा, हा पशुवैद्यांचा सर्वमान्य संकेत आहे. म्हणजे दिवसाला ६० किलोकॅलरी. बाजारातले एक बिस्कीट वीस किलोकॅलरीचे असेल तर तीन बिस्किटांत दिवसाचा वाटा संपला, आणि वर्गात तर एका तासात शंभराहून अधिक वेळा बक्षीस द्यावे लागते. म्हणून खाऊ असा हवा की त्याचे हरभऱ्याच्या डाळीएवढे तुकडे करता येतील, तो मऊ असेल, चटकन गिळता येईल आणि चुरा होऊन जमिनीवर सांडणार नाही. कुत्रा भुगा हुंगत बसला की त्याचे लक्ष गेलेच. वर्गाच्या दिवशी जेवण त्या प्रमाणात कमी करण्यास पालकांना आवर्जून सांगावे.

पाकिटावरील घटकांची यादी वाचल्याशिवाय कोणताही खाऊ घेऊ नये. झायलिटॉल या गोडी आणणाऱ्या पदार्थाने कुत्र्याच्या रक्तातील साखर एकाएकी घसरते आणि यकृत निकामी होऊ शकते. तो काही शेंगदाणा-लोण्यांत असतो आणि कधी ‘बर्च शुगर’ किंवा ‘ई ९६७’ अशा नावांनी छापलेला असतो. रबरी खेळण्यात भरण्यासाठी पालक हेच लोणी वापरतात, म्हणून आम्ही फक्त शेंगदाण्यांचे, दुसरे काहीही न घातलेले लोणी सुचवतो. याच निमित्ताने घरातल्या गोष्टीही बोलून घ्याव्यात: सत्यनारायणाच्या शिऱ्यातले बेदाणे, कांदा-लसणाचा फोडणीचा भात आणि मुलांच्या हातचे चॉकलेट, ही तिन्ही कुत्र्यांना विषारी ठरू शकतात. ‘थोडासा प्रसाद’ म्हणून दिलेला शिरा महागात पडतो.

शाकाहारी घरांसाठी काय ठेवावे?

बडोद्यात हा प्रश्न टाळून चालत नाही. आमच्याकडे येणाऱ्या अनेक गुजराती, जैन आणि मराठी ब्राह्मण कुटुंबांत मांसाचे पाकीट उंबरठ्याच्या आत येत नाही. त्यांच्या भावनेचा मान राखणे म्हणजे केवळ दोन शाकाहारी पाकिटे ठेवणे नव्हे. आमची शाकाहारी खाऊची फळी वेगळी आणि वरची आहे, तिचा चिमटा व डबे वेगळे आहेत, आणि सुटा खाऊ देताना हात धुऊनच देतो. वर्गात सामायिक वाटीतून खाऊ वाटण्याआधीही विचारावे. उकडलेल्या रताळ्याचे वाळवलेले तुकडे, पनीरचे बारीक चौकोन आणि भोपळ्याची मऊ बिस्किटे यांवर आमच्या वर्गातली कित्येक कुत्री उत्तम शिकली. दूध न पचणारा कुत्रा असेल तर पनीर आधी थोडेसे देऊन पाहावे.

मात्र खाऊ शाकाहारी असणे आणि रोजचा पूर्ण आहार शाकाहारी असणे यांत फार अंतर आहे. आहाराचा सल्ला पशुवैद्याने द्यावा. दुकानदार म्हणून आपण तेथे थांबावे.

चघळायच्या वस्तू आणि खेळणी निवडताना कोणती काळजी घ्यावी?

अंगठ्याचे नख दाबून पाहावे. थोडीसुद्धा खूण उठत नसेल तर ती वस्तू दाताहून कठीण आहे असे समजावे. शिंगे, खुरे आणि मोठी हाडे यांवर वरची मागची मोठी दाढ उभी चिरते, आणि तिचा उपचार भूल देऊनच करावा लागतो. शिजवलेली हाडे अणकुचीदार तुकड्यांत फुटतात. कच्च्या चामड्याच्या गाठी मऊ होऊन अख्ख्या गिळल्या जातात आणि आतड्यात अडकतात. यांतले काहीही आम्ही ठेवत नाही. हिमालयातील छुर्पी, म्हणजे दुधापासून केलेले वाळवलेले कडक चीज, शाकाहारी असल्याने तिला मोठी मागणी आहे, पण तीही नखाच्या कसोटीला उतरत नाही. आम्ही ती फक्त तरुण, निरोगी दातांच्या कुत्र्यांसाठी देतो आणि शेवटचा तुकडा गिळण्याआधी काढून घ्यायला सांगतो.

रबरी खेळणे कुत्र्याच्या तोंडात पूर्ण मावणार नाही एवढे मोठे असावे आणि त्याला दोन भोके असावीत, कारण एकाच भोकाच्या खेळण्यात हवेची पोकळी होऊन जीभ अडकू शकते. आत दही-भात भरून रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवलेले असे खेळणे मे महिन्याच्या दुपारी जे काम करते, ते तासभराच्या फिरण्यानेही होत नाही. टेनिसचा चेंडू झेलायला ठीक आहे, चघळायला नाही. त्यावरची लव दात झिजवते.

मुसके ठेवावे का?

जरूर ठेवावे, पण फक्त जाळीचे. कुत्र्याला माणसासारखा घाम येत नाही. तो तोंड उघडून धापा टाकतो आणि अंग थंड करतो. तोंड आवळून बांधणारे कापडी मुसके बडोद्याच्या उन्हात घातले तर उष्माघाताला निमंत्रण मिळते. जाळीच्या मुसक्यात तो धापा टाकू शकतो, पाणी पिऊ शकतो आणि खाऊही घेऊ शकतो. पग आणि शित्झूसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना नेहमीचे मुसके बसतच नाही. त्यांच्यासाठी वेगळ्या आकाराचे मागवावे. मुसके विकताना ते घालून घ्यायला शिकवणारा अर्ध्या तासाचा सराव आम्ही विनामूल्य देतो.

गोचिडांची औषधे, जंताच्या गोळ्या, शक्तिवर्धके?

ठेवू नयेत. औषधांच्या विक्रीसाठी १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखाली परवाना लागतो, आणि मात्रा कुत्र्याच्या वजनावर व प्रकृतीवर ठरते. गोचिडांपासून एर्लिकिया आणि बबेसिया यांसारखे रक्ताचे गंभीर आजार होतात, त्यामुळे येथे अंदाजाने काम करता येत नाही. कुत्र्यांसाठीच्या काही औषधांतले परमेथ्रिन हे कीटकनाशक घरातल्या मांजराच्या जिवावर बेतते. गोचीड काढायचा चिमटा मात्र आम्ही ठेवतो, आणि तो कसा धरायचा ते दाखवतो.

नवरात्र, दिवाळी आणि उत्तरायणासाठी काही खास वस्तू?

आवाजाची भीती घालवण्याचे वचन देणारी कोणतीही वस्तू ठेवू नये. खाऊ लपवून हुंगायला लावणारी चटई आणि भरलेले रबरी खेळणे यांचा उपयोग होतो, तोही तयारी महिनाभर आधी सुरू केली तरच. उत्तरायणानंतर मांजाने पंजे कापलेली कुत्री दरवर्षी दिसतात, म्हणून जानेवारीत आम्ही न चिकटणारी पट्टी आणि गुंडाळपट्टी असलेली प्रथमोपचाराची छोटी पिशवी ठेवतो.

किंमत कशी ठरवावी? ऑनलाइन स्वस्त मिळते, त्याचे काय?

आधी नफ्याचा हिशेब स्वच्छ करावा. ३०० रुपयांची वस्तू ४२० रुपयांना विकली तर खरेदीवर ४० टक्के चढवले असे होते, पण विक्रीच्या रकमेत नफा साधारण साडेअठ्ठावीस टक्केच असतो. त्यातूनच न खपलेला माल आणि बदलून दिलेली मापे निघायची असतात. छापील किमतीहून जास्त कधीही घेऊ नये. ऑनलाइन किमतीशी स्पर्धा आम्ही करत नाही. माप घेणे, बसवून देणे आणि पंधरा दिवसांत माप बदलून देणे हे आमच्या किमतीत धरलेले असते, आणि कोणाला ऑनलाइनच घ्यायचे असेल तर आम्ही योग्य माप कागदावर लिहून देतो. ते कुत्रे शेवटी आमच्याच वर्गात येणार असते.

कायद्याच्या दृष्टीने काय सांभाळावे?

पाकिटबंद मालावर उत्पादक, पॅक करणारा किंवा आयातदार यांचे नाव-पत्ता, निव्वळ वजन किंवा नग, उत्पादनाचा महिना-वर्ष, सर्व करांसह किरकोळ किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क छापलेला असला पाहिजे. आयात मालावर मूळ देशही. हे २०११ च्या पाकिटबंद वस्तूंच्या नियमांत आहे. गुजरातेत केवळ माल विकणाऱ्यांसाठी जीएसटी नोंदणीची मर्यादा वार्षिक ४० लाखांची असली, तरी आपण शिकवण्याची सेवाही देतो, त्यामुळे दोन्हींची उलाढाल मिळून २० लाखांची मर्यादा धरावी आणि आपल्या हिशेबनिसाकडून ती तपासून घ्यावी.

२०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा अधिक बारकाईने वाचावा. उत्पादक कोण हे कळत नसेल, विक्रेत्याने स्वतःहून वेगळी हमी दिली असेल किंवा उत्पादकाच्या सूचना ग्राहकापर्यंत पोहोचवल्या नसतील, तर सदोष वस्तूची जबाबदारी विक्रेत्यावर येऊ शकते. म्हणून बिननावाच्या दोऱ्या कितीही स्वस्त मिळोत, त्या घेऊ नयेत. आणि ‘ही दोरी कधीच तुटणार नाही’ असे बोलूही नये.

माल साठवताना कोणती काळजी घ्यावी?

पावसाळ्यात उघड्या पाकिटातल्या खाऊला चार दिवसांत बुरशी धरते, म्हणून सुटा खाऊ घट्ट झाकणाच्या डब्यांत आणि आधी आलेला आधी विकला जाईल अशा क्रमाने ठेवावा. सर्वांत खालची फळी रिकामी ठेवावी. २०१९ आणि २०२४ साली विश्वामित्री नदीचे पाणी शहरात शिरले, ते पाहिलेल्या माणसाला याचे कारण सांगावे लागत नाही.

विकलेली वस्तू सदोष निघाली तर काय करावे?

ग्राहक तक्रार घेऊन येण्याची वाट पाहू नये. एकदा सरावात एका लॅब्रेडॉरने झेप घेतली आणि आम्ही विकलेल्या दोरीचा आकडा मधोमध तुटला. तुकडा हातात घेतला तर तो आतून राखाडी आणि दाणेदार होता. वर पितळी मुलामा, आत हलका ओतीव धातू. व्यापाऱ्याने खेप परत घेण्यास नकार दिला. आमच्या वहीत कोणत्या खेपेची वस्तू कोणाला दिली याची नोंद होती, त्यामुळे त्याच संध्याकाळी चौदाही घरांना फोन केले आणि दोरी वापरू नका असे सांगितले. प्रत्येकाला बदली दोरी किंवा पूर्ण पैसे दिले. आता नव्या खेपेतील एक आकडा आम्ही मुद्दाम करवतीने कापून पाहतो आणि एका दोरीला पंचवीस किलो पाण्याचा कॅन रात्रभर टांगून ठेवतो. त्या जुन्या खेपेतील शेवटची दोरी गोत्रीहून परत यायला तीन आठवडे लागले, आणि तोवर वहीतले ते पान आम्ही उघडेच ठेवले होते.